चोखणी काढल्यावर

त्या ऑफिसात बाळ कुणीच आणत नसे, पण चोखणी हा शब्द तिथे दिवसातून दहा वेळा तरी कानावर पडायचा.

तिथे रुग्णालयांसाठी छोटे पंप बनत. मुठीत मावेल एवढा पंप. त्यात औषधाची सिरिंज बसवायची की नवजात बाळाच्या शिरेत औषध थेंबाथेंबाने, ठरल्या मापाने जात राहायचं. पंपाच्या पोटात त्याची स्वतःची इवलीशी ऑपरेटिंग सिस्टिम होती. कुठलं काम आधी, कुठलं नंतर, कुणी किती वेळ थांबायचं, हे ठरवणारी. ती लिहिणारी माणसं सगळी मिळून सहा. त्यांनी लिहिलेलं यंत्राला कळेल अशा भाषेत उतरवून द्यायचं काम कंपायलरचं, आणि हा गडी काम करता करता सारखा कुरकुरत असे. या ओळीत घोळ वाटतोय. इथे काही राहिलं का बघा. त्यातली बहुतेक कुरकुर फुकाची. इतक्या खालच्या पातळीवरच्या कोडमध्ये अशा काही करामती कराव्या लागतात की कंपायलरला त्या चुकाच वाटतात. मग जो इशारा खोटा ठरेल त्या ओळीच्या वर एक छोटी सूचना लिहायची: इथे गप्प बस. या सूचनेला टीममधल्या सगळ्यांत जुन्या अण्णांनी फार वर्षांपूर्वी चोखणी असं नाव ठेवलं होतं. रडतंय ना? द्या चोखणी.

त्या सहांपैकी एक ती. लग्नाआधी, मूल होण्याआधी, तिला हा विनोद फार आवडायचा. आता घरी आठ महिन्यांची चिऊ होती आणि चोखणी म्हटलं की तिला सोफ्याखाली लोळणारी, उकळून उकळून पांढुरकी झालेली खरीखुरी चोखणीच आठवायची.

नऊ महिन्यांची रजा संपवून ती परत आली त्या सोमवारी टीमप्रमुखांनी तिला खुर्चीत नीट बसूही दिलं नाही. त्यांना सगळे मागून लगबग म्हणत. जिना चढतानाच ते पुढच्या मजल्यावरच्या माणसाशी बोलायला सुरुवात करत.

"आलीस? बरं झालं. बाळ बरंय? छान. हे बघ, तुझ्यासाठी हलकं काम ठेवलंय. नवा कंपायलर आलाय. नेहमीसारखं, जुन्या सगळ्या चोखण्या काढल्या, पुन्हा एकदा त्याला मोकळेपणी रडू दिलं. एकसष्ट इशारे. प्रत्येक तपास, खोटा असेल तर तक्त्यात 'खोटा' लिही, सही कर, चोखणी परत लाव. शुक्रवारी ही आवृत्ती चाळीस रुग्णालयांत जाणार. एकदा गेली की वर्षभर हात लावता येत नाही, माहितीये ना?"

"माहितीये, सर."

"चल मग. दीडपर्यंतच असतेस ना तू आता?"

"हो, दीडपर्यंत."

हलकं काम. तिने तो शब्द गिळला. तिला स्वतःलाच खात्री नव्हती की जड झेपेल. नऊ महिने ती दुधाच्या वेळा, लंगोटांचे ढीग आणि वीस-वीस मिनिटांच्या झोपेत जगली होती. बोलता बोलता शब्द हरवत. परवा तिने फ्रिजमध्ये फोन ठेवला होता आणि लोणी हातात घेऊन नवऱ्याला शोधत होती. नवरा हसला, तीही हसली, मग न्हाणीघरात जाऊन थोडी रडली. डोकं परत येईल का, हा प्रश्न तिने कुणाला विचारला नव्हता, कारण कुणी 'येईल गं' म्हटलं असतं तरी तिला खरं वाटलं नसतं.

सोमवार-मंगळवार मिळून तिने बावन्न इशारे उरकले. बहुतेक सगळे तेच ते. ठरावीक पत्त्यावरची मेमरी वाचली की कंपायलर ओरडतो, तिथे तर काहीच नाहीये! त्याला कुठे ठाऊक, की त्या पत्त्यावर पंपाची मोटर बसलेली आहे. खोटा, सही, चोखणी. हळूहळू हात बसत गेला. मंगळवारी तर तिला मनातल्या मनात गाणं सुचलं.

सत्तेचाळिसावा इशारा अण्णांच्या फाइलीतला होता. ओळ तीनशे अठरा. काम अगदी साधं: टायमर वाचायचा, आलेला आकडा 'उरलेला वेळ' नावाच्या खोक्यात टाकायचा आणि तेवढा वेळ थांबायचं. कंपायलरचं म्हणणं, हे खोकं काहीच न भरता वापरलं जाऊ शकतं. पण वरच्याच ओळीत ते ढळढळीत भरलेलं दिसत होतं. त्यावर अण्णांचा अकरा वर्षांपूर्वीचा शेरा: *इशारा खोटा. टायमर नेहमी उत्तर देतो. पण ते दुसऱ्या फाइलीत आहे आणि या बिचाऱ्याला भिंतीपलीकडचं दिसत नाही. त्याला माफ करा.*

तिला हसू आलं. अण्णा निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. कोडमधून मात्र ते अजून बोलत. तिने तक्त्यात लिहिलं: खोटा. कारण: अण्णांचा शेरा. सही.

बुधवारी ती घरी पोचली तर चिऊचा आवाज जिन्यापर्यंत येत होता. सासूबाई तिला खांद्यावर घेऊन खोलीभर फेऱ्या मारत होत्या.

"सकाळी अकरापासून हेच," त्या म्हणाल्या. "उजवा कान ओढतेय नुसती. बघ, लाल केलाय."

कान खरंच लाल झाला होता. लहान मुलांच्या कानाबद्दल तिने जे जे वाचलं होतं ते सगळं एका क्षणात आठवलं. शब्द हरवणारं डोकं अशा वेळी मात्र बरोब्बर चालायचं. चार वाजता त्या तिघी दवाखान्यात. डॉक्टरीणबाईंनी चिमुकला दिवा लावून उजव्या कानात पाहिलं, मग डाव्या कानात, मग परत उजव्या.

"कान एकदम स्वच्छ आहे हो. काही नाही झालेलं."

"मग ओढते का?"

"मुलं ओढतात. सवय लागते. दोन दिवस बघा, ताप आला तर या."

परत येताना तिला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचाच थोडा राग आला. कान स्वच्छ होता. पण चिऊ तर अजून रडत होती.

घरी येऊन तिने पिशवीतून चोखणी काढली. चिऊच्या तोंडाशी नेली तोच सासूबाई म्हणाल्या, "थांब जरा. आधी बघू दे मला."

"डॉक्टरांनी बघितलं ना, आई. काही नाहीये."

"कानात काही नाहीये म्हणाल्या त्या. रडतेय ती खोटी रडतेय का?" सासूबाई मोरीत गेल्या, साबणाने हात खसाखसा धुतले, करंगळी चिऊच्या तोंडात घातली आणि मागच्या बाजूची उजवी हिरडी चाचपली. चिऊने करकचून चावा घेतला.

"आई गं! हे बघ. इथे. खडा लागतोय खडा. अगं, दात येतोय हिला, तोही भलत्याच जागी, पुढचे सोडून. त्याची कळ कानापर्यंत जाते. तिला बापडीला काय कळणार कळ कुठून निघाली? जिथे ठणकतं तिथे ओढतेय."

तिने स्वतः बोट घालून पाहिलं. होता. हिरडीखाली तांदळाएवढा टणक कण.

"तुमच्या कसं लक्षात आलं?"

"तुझा नवरा असाच. त्याचा कान मी महिनाभर तेलाने शेकला होता," सासूबाई हसू दाबत म्हणाल्या. "त्याला नको सांगूस. आधीच म्हणतो त्याचे कान मोठे आहेत."

गार पाण्यात भिजवलेला रुमाल चघळायला मिळाल्यावर चिऊ दहा मिनिटांत शांत झाली आणि आजीच्या मांडीवरच झोपली. तिने चहा केला, स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसून कप हातात घेतला, आणि तो तसाच अर्ध्यावर धरून राहिली.

टायमर दुसऱ्या फाइलीत आहे. या बिचाऱ्याला भिंतीपलीकडचं दिसत नाही.

जुन्या कंपायलरला दिसत नव्हतं. अकरा वर्षांपूर्वीच्या. हा नवा तर त्याचसाठी आणला होता की तो एका फाइलीतून दुसऱ्या फाइलीत डोकावतो! शब्द तेच होते, अगदी अक्षर न अक्षर तेच. पण जुना न बघता संशय घेत होता, आणि हा भिंतीपलीकडे जाऊन, बघून आला होता. आणि तरी तेच म्हणत होता.

मग त्याने तिथे पाहिलं तरी काय?

"आई, तासभर हिला..."

"बस तू. माझी मांडी कुठे जातेय?"

तिने लॅपटॉप उघडला. तीनशे अठरा नंबरच्या ओळीकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. थेट टायमरची फाइल काढली. वरून चौथी ओळ. *घड्याळ जुळवणं चालू असेल तर परत जा, थोड्या वेळाने ये.* परत जा, ठीक. पण जाताना खोक्यात काहीच न टाकता. ज्याने विचारलं तो रिकाम्या हाताने परत. आणि अण्णांच्या जुन्या कोडला माहीतच नाही की टायमर कधी 'नंतर ये' असंही म्हणू शकतो. तो आपला खोक्यात आधीचा जो काही कचरा पडला असेल तो उचलणार आणि तेवढा वेळ थांबणार. कचऱ्यातला आकडा लहान निघाला तर कुणाला पत्ताही लागणार नाही. मोठा निघाला तर पंप थांबूनच राहील, दोन सेकंदांनी राखणदार सर्किट त्याला हलवून जागं करेपर्यंत.

ही ओळ कुणी घातली? तिने फाइलीतल्या बदलांचा इतिहास उघडला.

तिनेच. रजेवर जायच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी पाच वाजून बारा मिनिटांनी. शेऱ्यात लिहिलं होतं: *घाईत आहे, पण हे महत्त्वाचं.* पाय सुजले होते, टॅक्सी खाली उभी होती, आणि तिला वाटलं होतं की जाता जाता एक चांगलं काम करून जावं. दुरुस्ती होतीही चांगली. घड्याळ जुळवताना टायमर वाचला तर अर्धा जुना-अर्धा नवा आकडा येई, तो तिने थांबवला होता. फक्त टायमरला विचारणाऱ्या दोन जागांपैकी एकीला कळवलं होतं, दुसरीला नाही. आणि कंपायलर तेव्हा ओरडू शकला नाही, कारण तीनशे अठरावर अण्णांची चोखणी होती.

कप गार झाला होता. तिला वाटलं, गप्प बसावं. इशारा खोटा म्हणून सही झालीच आहे. कोण बघणार? उद्या जाऊन 'शुक्रवार थांबवा' म्हणायचं आणि मग निघायचं काहीच नाही, तर लगबगसाहेब तोंडावर काही बोलणार नाहीत, पण पुढची दोन वर्षं हलकंच काम. आणि खरं निघालं, तर चूक तिचीच.

आजीच्या मांडीवर चिऊ झोपेतच तोंड हलवत होती.

तिने अण्णांना फोन लावला.

"बोल पोरी! बाळ कसंय? माझ्या कोडला काही झालं का?"

तिने सगळं सांगितलं. पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"अण्णा?"

"आहे, आहे. शेऱ्यावर मी तारीख घातली होती का गं?"

"हो."

"मग ठीक. त्या तारखेला ते खरं होतं. पण मी 'नेहमी' असं लिहायला नको होतं. 'टायमर नेहमी उत्तर देतो.' कोण मी, टायमरची हमी घेणारा? बायको अजून माझी घेत नाही." मग त्यांचा आवाज बदलला. "खरं सांगू? तुझी ओळ चूक नाही आणि माझीही नव्हती. दोघांची गाठच पडली नव्हती एवढंच. ती घालून द्यायचं काम तो कंपायलर करत होता, आणि त्याचं तोंड मी बंद केलं होतं. उद्या सांग साहेबांना. आणि पुरावा घेऊन जा. त्यांना नुसतं तोंडी सांगितलं की ते घड्याळ बघतात."

पुराव्याचं तिला झोपताना सुचलं नाही, दात घासतानाही नाही. सुचलं गुरुवारी सकाळी ऑफिसच्या जिन्यात. तिची ती ओळ असलेला पंप एका रुग्णालयात नऊ महिने चाचणीसाठी होता. तिथल्या एका सिस्टरने चार-पाचदा लिहून कळवलं होतं की पंप मधेच थबकतो, गजर होतो, मग आपोआप चालू होतो. बाळांना काही झालं नव्हतं. ती सिस्टर दर वेळी जागेवर होती. ऑफिसने त्यावर 'विजेचा दोष असावा' असा शिक्का मारला होता. तिने ती पत्रं काढली. वेळा होत्या: दहा. तीन. सहा. अकरा. पुन्हा तीन.

बाजूच्या टेबलावरचा चाचणीवाला वाकून म्हणाला, "हां, ते. बाई आकडा अंदाजे टाकतात. कधी दहा वाजून सात मिनिटं लिहिलेलं बघितलंस? सगळं पूर्ण तासाला!"

"पंप घड्याळ केव्हा जुळवतो?"

"दर तासाला. तासाच्या ठो..." त्याचं वाक्य तिथेच राहिलं. त्याने पत्र तिच्या हातातून घेतलं आणि पुन्हा वाचलं. "ठोक्याला," तो हळूच म्हणाला.

दोघांनी मिळून चाचणीच्या टेबलावर एक पंप मांडला, सिरिंजमध्ये साधं पाणी भरलं, आणि तासातून एकदा होणारं घड्याळ जुळवणं सेकंदाला हजार वेळा होईल असं केलं. मग ती लगबगसाहेबांना बोलवायला गेली. ते जिन्यात तीन पायऱ्या खाली होते.

"सर, पाच मिनिटं."

"दोन आहेत माझ्याकडे."

"दोन चालतील. सत्तेचाळीस नंबरच्या इशाऱ्यावर मी खोटा म्हणून सही केलीय. तो खरा आहे. बोट चुकीच्या ओळीकडे दाखवतोय, पण दुखणं खरं आहे. आणि ते मीच करून ठेवलंय, रजेवर जायच्या आदल्या दिवशी."

ते आले. टेबलापाशी उभे राहिले. पाणी थेंबाथेंबाने काचेच्या भांड्यात पडत होतं. टप. टप. त्यांनी घड्याळ बघितलं. टप. टप. एक मिनिट गेलं. दीड मिनिट. चाचणीवाल्याने तिच्याकडे बघितलं नाही. टप.

"हे बघ," साहेब म्हणाले, "तुझं म्हणणं मला..."

थेंब पडला नाही.

तिघंही वाकले. एक सेकंद, दोन, आणि पंपाने गजर केला. इतका कर्कश आवाज तिला आयुष्यात कधी गोड लागला नव्हता.

लगबगसाहेब खुर्ची ओढून चक्क बसले.

"चाळीस रुग्णालयं," ते म्हणाले. आणि मग, "दुरुस्तीला किती वेळ?"

"ओळी दोनच. तपासायला दोन दिवस."

"सोमवारी पाठवू. मी कळवतो सगळ्यांना." ते उठले, दारापर्यंत गेले, परत आले. "ते हलकं काम म्हणालो होतो मी. तुला त्रास नको म्हणून. तसं नव्हतं ते. बरं झालं तूच होतीस. दुसऱ्या कुणी शेरा वाचून सही केली असती आणि विसरलं असतं."

"मीपण सही केली होती, सर."

"हो, पण खोडलीस." आणि ते जिन्याकडे पळाले.

तिने तक्ता काढला. सत्तेचाळीससमोरचं 'खोटा' नीट एका रेघेने खोडलं, खाली वाचता येईल असं. मग आज उशीर होईल असं घरी कळवून उरलेले नऊ इशारे तपासले, आणि आधीचे बाकीचे एक्कावन्न पुन्हा पहिल्यापासून. ते सगळे खोटेच निघाले, पण या वेळी तिने प्रत्येकाच्या भिंतीपलीकडे जाऊन पाहिलं होतं. अण्णांचा शेरा तिने पुसला नाही. त्याच्या खाली लिहिलं: *अकरा वर्षं खरं होतं. आता टायमर कधीकधी 'नंतर ये' म्हणतो. विचारून घ्या. इथे चोखणी लावू नका.* आणि तारीख.

निघायच्या आधी तिने रुग्णालयात फोन करून त्या सिस्टरना बोलावून घेतलं.

"पंप बनवतो तिथून बोलतेय. तुमच्या पत्रांमधल्या वेळा बरोबर होत्या. अगदी मिनिटाला."

"बरोबरच असणार," पलीकडून आवाज आला. "मी घड्याळ बघून लिहिते."

"आम्हाला वाटलं तुम्ही अंदाजे लिहिता. चुकलं आमचं. तुमच्या त्या पाच ओळी नसत्या तर मला कुणाला पटवताच आलं नसतं. आणि दर वेळी तुम्ही तिथे होतात, त्याबद्दल तर काय बोलू मी."

"अहो, गजर झाल्यावर जायचं नाही तर काय करायचं?" मग सिस्टर म्हणाल्या, "पण फोन केलात ते बरं वाटलं. कुणी करत नाही."

घरी दार उघडलं तेव्हा सासूबाई चिऊला सफरचंदाचा गर भरवत होत्या. चिऊचा उजवा कान आपल्या मूळ रंगावर आला होता. चमचा तोंडात जाताना एका बाजूला टिक् असा बारीकसा आवाज झाला आणि आजी-नात दोघी आपापल्या परीने चकित झाल्या.

"ऐकलंस? आला वर! बरं, तुझं काय झालं? काल तोंड बघवत नव्हतं तुझं."

"झालं सगळं. सोमवारी जातील पंप, नीट होऊन." तिने पिशवी खाली ठेवली आणि सासूबाईंच्या गळ्यात मागून हात टाकले, चमच्यासकट. "तुमच्यामुळे झालं, आई. चाळीस रुग्णालयांमधली बाळं तुमची ऋणी आहेत."

"काहीतरीच तुझं! मी काय केलं गं? नुसतं बोट धुतलं."